लाल भोपळा, लॉट नंबर अकरा

लाल रंगाबद्दल मला कोणी शिकवू नये. मी चौथी पास आहे, तीही कशीबशी. पण गिरणीच्या रंगखात्यात सतरा वर्षं आणि गिरणी बंद पडल्यावर कुर्ल्याच्या एका छोट्या डाइंगमध्ये बावीस वर्षं, ही माझी खरी शाळा. गिऱ्हाइकाने बोटाएवढी चिंधी आणून द्यायची आणि आम्ही हुबेहूब तोच रंग हजार वार कापडावर उतरवायचा. याला शेड जुळवणं म्हणतात. शिकलेले मास्तर पुस्तकातून रंग शिकून यायचे, पण अडलं की मलाच हाक मारायचे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाईच मारायची तर अजून बरंच आहे.

आता वय शहात्तर. बोरिवलीला मुलाकडे असतो. बायको जाऊन चार वर्षं झाली. घरात मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. मुलगा सकाळी जातो तो दिवेलागणीनंतर उगवतो, म्हणून यात त्याचं फारसं काम नाही. गोष्ट आहे सुनेच्या नोकरीची.

सून अंधेरीला एका कंपनीत आहे. बरीच वर्षं ती घरूनच काम करत होती. गेल्या वर्षी एके दुपारी तिने लॅपटॉप मिटला आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"घरून काम बंद, बाबा. एक तारखेपासून रोज ऑफिस. मी राजीनामा देते."

"कशाला?"

"दुपारी ह्या दोघांना जेवू कोण घालणार?"

आमच्याकडे पोरांना जेवू घालणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. रोज दीड तास लागायचा. सून एका हाताने घास भरवायची, दुसऱ्या हातात मोबाइल, मधेच उठून ऑफिसच्या मिटिंगला "येस सर" म्हणायची. भाजी दिसली की नात ओठ असे मिटायची की चिमटा लावला तरी उघडणार नाहीत. नातू पुलावातला एकेक वाटाणा वेचून ताटाच्या काठावर रांगेत बसवायचा. दोघं खायची फक्त एका गोष्टीच्या आधाराने, ती म्हणजे बाटलीतला लाल सॉस. चपातीला सॉस, डोशाला सॉस. वरणभातावर सॉस ओतलेला पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ताटावरून उठणार होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोघांच्या अंगात रक्त कमी आहे, भाज्या घाला. घाला म्हणणं सोपं असतं.

"मी घालतो जेवू," मी म्हटलं.

सून हसली नाही, हे तिचे उपकार. फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही चहासुद्धा करत नाही."

खरं होतं ते. पण गिरणी बंद पडल्यावर आठ महिने मी घरी बसलो होतो. हातातलं काम गेलं की माणूस कसा होतो, ते मी रोज दाढी करताना आरशात बघत होतो. तिचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. आणि एकदा तोंडातून शब्द गेला की मी मागे घेत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

ती म्हणाली, "तीन आठवडे आहेत. तेवढ्यात पोरं तुमच्या हातून नीट जेवायला लागली, तर मी जाते. नाहीतर राजीनामा लिहून तयार आहे."

पहिला आठवडा मी दरारा वापरला. ताटात पडेल ते खायचं, आमच्या वेळी असं नव्हतं, वगैरे. नात शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आबा, तुमच्या वेळी सॉस नव्हता ना, म्हणून." नातू तर माझा आवाज चढला की ताट घेऊन टेबलाखाली जायचा. शेवटी आतून सून यायची आणि दीड तास सुरू व्हायचा. आठवडा संपला तेव्हा माझी पार वाट लागली होती.

मग एक दिवस ती बाटली मी हातात घेतली आणि खिडकीत धरली. पोरं त्या रंगाला भुलतात, मग तो रंग मला जुळवता येणार नाही? थोडा विटकरीकडे झुकलेला लाल, आत पिवळ्याची झाक. माझ्या डोक्यात हिशेब मांडला गेला. टोमॅटोचा लाल, तांबड्या भोपळ्याचा पिवळा, गाजराचा नारिंगी आणि जोर आणायला बिटाचा एक तुकडा.

आमच्या मार्केटच्या तोंडाशी गोराईहून बोटीने भाजी आणणारी एक बाई बसते. मला बघून म्हणाली, "आज तुमी? सूनबाय कुठं?"

"भोपळा दे चांगला. नातवंडांना सॉस करायचाय. कळू न देता भाजी घालणार आहे पोटात."

तिने भोपळ्याची फोड उचलून दिली आणि म्हणाली, "न्या. पण पोरं फसत नाय हो बाबा. माजी नाय फसली कदी."

"तुझ्या पोरांचा आबा रंगखात्यात नव्हता," मी म्हटलं.

कुकर कसा लावायचा ते सुनेने दाखवलं. भाज्या शिजवल्या, लसूण घातली, मिक्सरमधून काढून गाळणीने गाळल्या, मीठ-गूळ घालून आटवायला ठेवल्या. पहिला लॉट संध्याकाळी केला. बाटलीशेजारी वाटी ठेवली, अगदी जुळा भाऊ. सकाळी खिडकीत नेला तर जांभळा! ट्यूबलाइटखाली शेड बघायची नाही, हे मीच पन्नास जणांना शिकवलेलं. आणि मीच विसरलो. दुसऱ्या लॉटमध्ये भोपळा वाढवून जांभळा मारला, तर आटवता आटवता बिटाचा रंग उडून मातीसारखा झाला. तिसराही तसाच.

तेव्हा आठवलं की काही रंग आंबटावर धरतात. डाइंगमध्ये आम्ही त्यासाठी ॲसिड घालायचो. घरात आंबट काय? गावाहून आलेलं कोकमाचं आगळ. शिजणाऱ्या टोपात दोन चमचे घातलं आणि माझ्या डोळ्यांसमोर लाल उभा राहिला, वर चवीला तोच आंबटगोडपणा. चौथा लॉट. झकास. तो विकतच्या सॉसच्या रिकाम्या बाटलीत भरला.

पाच दिवस. पाच दिवस पोरं त्या सॉसबरोबर निमूट जेवली. चपातीच्या गुंडाळीत, डोशावर, भाताच्या डोंगरावर. नातवाने तर वाटी चाटली. सून दारात उभी राहून बघायची आणि आत निघून जायची. मी खाली बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज नवीन भर घालून सांगत होतो. भाजीवालीलाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं बरं."

सहाव्या दिवशी बाटली संपत आली. मुलं काय करतात, बाटली उलटी करून ढुंगणावर थापट्या मारतात. नातीने तसंच केलं आणि तिचा हात थांबला. बाटलीच्या तळाला कागदी चिकटपट्टी होती. तिच्यावर पेन्सिलीने, माझ्या वाकड्या अक्षरात: लॉट ४. भो. गा. बी. टो.

एकोणचाळीस वर्षांची सवय. लॉट निघाला की चिठ्ठी लावायची, त्याशिवाय डबा हलवायचा नाही. भरताना हाताने आपोआप लावली होती, डोक्याला पत्ताच नाही.

"भो म्हणजे काय, आबा?"

मी बाटली घ्यायला हात पुढे केला.

"गा म्हणजे गाजर. बी म्हणजे बीट." ती हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. "भो म्हणजे भोपळा! आबा, तू आम्हाला फसवलंस?"

"पोटात गेलं ना? मग झालं!" मी म्हटलं. माघार घ्यायची तर मला सवयच नाही.

तिने ताट सरकवलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नातवाला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण त्यानेही ताट सरकवलं आणि म्हणाला, "फशवलं."

त्यानंतर माझ्या हातचं काही म्हणजे काही नाही. दूध दिलं तर नात आधी वास घ्यायची. साधं पाणी दिलं तर पेला खालून उचलून तळ बघायची. एक तारीख सहा दिवसांवर आली होती, आणि आम्ही पहिल्या दिवशी होतो त्याच्याही मागे गेलो होतो.

शनिवारी संध्याकाळी मी सुनेपुढे तावातावाने बोललो. "एवढं काय त्यात? विष घातलं का? भोपळाच घातला ना? आठ वर्षांची पोर आणि केवढा तोरा!"

सून कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागावू नका. आई तुम्हाला दुधी खायला घालायच्या."

"मी आयुष्यात दुधी खाल्लेला नाही. आजाऱ्याचं जेवण ते."

"बारा वर्षं खाल्लात. डॉक्टरांनी तुमचं खोबरं कमी करायला सांगितलं होतं ना, तेव्हापासून. आई वाटणात निम्मं खोबरं आणि निम्मा उकडलेला दुधी घालायच्या. बांगड्याच्या कालवणात, तिसऱ्यांच्या सुक्यात, सगळ्यात. मला शपथ घातली होती."

मी बाहेर येऊन बाल्कनीत बसलो. जेवायला हाक आली तेव्हा भूक नाही म्हटलं.

लोकहो, मी रंगाचा माणूस. आणि माझ्या ताटातलं पांढरं वाटण बारा वर्षं अर्धं खोटं होतं. वर मी पाहुण्यांना सांगायचो की असं कालवण आमच्या आईच्या हातचं व्हायचं, नंतर हिच्याच. बायको तेव्हा पदर सावरत आत जायची. मला वाटायचं लाजली. आता कळलं, हसायला जायची.

पहिल्यांदा आला तो रागच. मला का नाही सांगितलं? मी काय लहान मूल होतो? मग स्वतःशीच उत्तर मिळालं. सांगितलं असतं तर ताट भिरकावलं असतं. त्या बारा वर्षांत डॉक्टरांनी दर वेळी माझे कागद बघून "छान" म्हटलं आणि दर वेळी ते श्रेय मी माझ्या सकाळच्या चालण्याला दिलं. ते श्रेय कोणाचं होतं, ते आज कळत होतं आणि ज्याला द्यायचं ते माणूस नव्हतं.

एक गोष्ट मात्र राहून राहून आठवली. बायको वाढून झाल्यावर डाव हातात घेऊन उभी राहायची आणि रोज विचारायची, "बरा लागता मां?" मी ताटातून मान वर न काढता म्हणायचो, "हं." म्हणजे ती रोज सँपल घेऊन उभी होती आणि मी रोज पास करत होतो. लॉट कसला आहे हे कधी विचारलं नाही.

भोपळ्याने काही बिघडलं नव्हतं हे तेव्हा मला समजलं. दुधीनेही नाही. टोचतं ते वेगळंच, आपल्याला विचारलं नाही ते. मला शहात्तराव्या वर्षी टोचलं, तर आठव्या वर्षी किती टोचलं असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. नात खिडकीशी चित्र रंगवत बसली होती. मी समोर स्टूल घेऊन बसलो. मी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नाही. गिरणीत मागितली असती तर एक बढती मिळाली असती, तरी मागितली नाही. म्हणून शब्द जमवायला वेळ लागला.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. "काय चुकलं?"

"न सांगता खायला घातलं."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि वर म्हणालास, पोटात गेलं ना, मग झालं."

"तेही चुकलं."

ती थोडा वेळ रंगवत राहिली. मग मी तिला रंगखात्याचा नियम सांगितला. ज्याने रंग बनवला त्याने तो पास करायचा नाही. माणूस कितीही उस्ताद असो, आपल्या हातच्या रंगापुढे त्याचा डोळा लाचार होतो. म्हणून पास करणारा नेहमी दुसरा. त्याने सँपल खिडकीत धरायचं, पटलं तर सही करायची, नाही पटलं तर सगळा लॉट परत.

"पास करणारा मोठा की बनवणारा?" तिने विचारलं.

"पास करणारा."

"मग तो मी."

"पण हा रंग नुसता बघून पास होत नाही. चाखावा लागतो."

तिने माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "ही पण फसवणूक आहे का?"

"नाही. म्हणून तर आधीच सांगतोय."

तिने जुनी वही आणली, रेघा मारल्या आणि कामाला लागली. काय सांगू तुम्हाला, असा कडक मास्तर मी गिरणीतही पाहिला नाही. भोपळा चिरताना समोर उभी. किती बीट, किती गाजर, सगळं वहीत. लॉट पाच: फेल, कडू. मेथीची चार पानं मी सांगून घातली होती, तिला आवडली नाहीत. लॉट सहा: फेल, लसूण जास्त. लॉट सात: फेल, रंग पप्पांच्या शर्टासारखा. मी म्हटलं, "अगं, चव कशी आहे?" तर म्हणाली, "रंग पण बघायचा ना, तूच म्हणालास." मला सतरा आणि बावीस वर्षांत मिळून एवढे फेल मिळाले नव्हते. रागाने कान तापायचे. आतून सून म्हणायची, "बाबा, शांत." मी परत भोपळा चिरायला घ्यायचो.

सुरुवातीला ती चमच्याच्या टोकाने जिभेला लावायची आणि पाणी प्यायची. आठव्या लॉटला आख्खा चमचा. नववा "नक्की कळत नाही" म्हणून अर्ध्या चपातीबरोबर. मी यात डाव टाकला नव्हता, देवाशपथ. मला नववाही फेल होणार हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. झालाच. "आंबट कमी." आगळ तिला हवं तेवढं तिनेच ओतलं. नातू तिचा शिपाई झाला होता. प्रत्येक लॉट झाला की वाटी धरून उभा राहायचा आणि ताईच्या आधी "फेल!" म्हणून ओरडायचा, मग बोटाने वाटी निपटून खायचा.

अकरावा लॉट निघाला तेव्हा एक तारखेला एक दिवस उरला होता. नातीने वाटी खिडकीत धरली, बशीत थेंब पाडून पसरवून बघितला, चाखला. परत चाखला. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.

"पास," ती म्हणाली. "पण दोन अटी आहेत."

"मास्तरांनी अटी घालायच्या नसतात."

"मग फेल."

"बोला."

पहिली अट, चिठ्ठी तळाला नाही, पुढे लावायची. ती तिने स्वतः लिहिली, मोठ्या अक्षरांत: भोपळा, गाजर, बीट, टोमॅटो, लसूण, आगळ. माझ्यासारखं भो आणि गा नाही. दुसरी अट तिच्या आईने तिच्या कानात सांगितली असावी असा मला संशय आहे. "आबाने दुधीची भाजी खायची. वाटण नाही, काही नाही. नुसती दिसेल अशी."

त्या रात्रीच्या जेवणात माझ्या ताटात दुधी आला. चौकोनी फोडी, वर कोथिंबीर, सगळा उघड कारभार. दोघं पोरं समोर कोपरं टेकून बसलेली, सून दारात. मी पहिला घास घेतला. नात म्हणाली, "सगळी." मी सगळी खाल्ली. वाईट नव्हती. खरं सांगतो, बरीच चांगली होती, पण तेव्हा त्यांना सांगितलं नाही.

एक तारखेला सून साडेआठला गेली. दारात तीन वेळा मागे वळली. मी म्हटलं, "जा गं, गाडी चुकेल." दुपारी मुलं शाळेतून आली. मी वाढलं. नातीने बाटलीवरची चिठ्ठी भावाला मोठ्याने वाचून दाखवली, जणू तो ऐकल्याशिवाय जेवणार नव्हता. चाळीस मिनिटं लागली. नातवाने दोन वाटाणे काठावर बसवले, बाकीचे विसरला.

बरोबर सव्वाला फोन वाजला. नातीने घेतला.

"हो मम्मी. दीड चपाती आणि भात. छोटूने एक. नाही, भाजी नाही खाल्ली. भाजी सॉसमध्ये आहे ना. माहीतेय मला, मीच पास केलाय."

मग नातीने फोन माझ्याकडे दिला.

"बाबा," सून म्हणाली. मागे ऑफिसातली माणसं बोलताना ऐकू येत होती. "तुम्ही जेवलात?"

"जेवलो."

"सकाळी जाताना तुमच्यासाठी दुधीची भाजी करून ठेवली होती. बरी झाली होती का?"

माझ्या तोंडात सवयीचं "हं" आलं होतं. ते मी गिळलं.

"चांगली झाली होती," मी म्हटलं. "खूप चांगली झाली होती. तू काम कर आता."